मार्कशीटची झेरॉक्स घेणारी गंगाक्का

२०१३ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि तोवर मला कुणी ‘बारावीचं वडील’ अशी हाक मारली नव्हती. पलटणीत चोवीस वर्षं काढली, तिथं हवालदार होतो. गावात आबा. त्या दिवशी कोल्हापुरात माजी सैनिकांच्या ऑफिसात खिडकीवरच्या पोराशी माझी हुज्जत चालली होती, तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला.

“ओ बारावीचं वडील, खिडकीला दरडावून काय हुणार? ती काय तुमची रिक्रूट हाय व्हय? हिकडं या.”

वळून बघितलं. ऑफिसाच्या अंगाला सायकली लावायची पत्र्याची शेड होती. तिच्या कडेला एका घडीव दगडावर बाई बसलेली. साठीला टेकलेली, अंगावर इरकली लुगडं, आणि पायात काळे सैनिकी बूट. बुटांना नाड्या नव्हत्या. शेजारी कागदांनी फुगलेली पिशवी, तिच्यावर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक छोटा डबा. समोर पाचसहा माणसं उकिडवी बसली होती. त्यातल्या एकाला मी ओळखलं, तो सुभेदार होता. सुभेदार उकिडवा बसलाय आणि बाई दगडावर, हे काय प्रकरण आहे म्हणून मी गेलो. नाहीतर असल्या हाकेला मी जाणाऱ्यातला नव्हे.

माझं काम काय होतं ते सांगतो. माझी थोरली दोन पोरं शिकली नाहीत. एक ट्रॅक्टर चालवतो, एक गुऱ्हाळावर असतो. धाकटी राजश्री डोक्यानं निघाली. बारावी चांगल्या मार्कांनी झाली आणि इंजिनिअरिंगला जायचं म्हणाली. माजी सैनिकांच्या पोरांसाठी कॉलेजात थोड्या जागा राखलेल्या असतात, शिष्यवृत्ती पण मिळते, हे तिनंच कुठून तरी काढलं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. असतं तरी मी गेलो नसतो. सरकारनं पेन्शन दिली तेवढी बास, आणखी हात पसरायचा नाही, असं माझं म्हणणं. पण पोरगी माझ्याच वळणाची. “तुम्ही येत नसला तर तुमचं डिस्चार्ज बुक घेऊन मी एकटी जाते,” म्हणाली. मग तिला घेऊन आलो.

डिस्चार्ज बुक म्हणजे पलटण घरी पाठवताना देते ते पुस्तक. नोकरी किती, पदकं कुठली, बायको कोण, पोरं किती, सगळं त्यात. राखीव जागेसाठी ह्या ऑफिसाचा दाखला लागतो आणि दाखल्यासाठी पोराचं नाव त्या पुस्तकात लागतं. खिडकीवरच्या पोरानं पानं उलटली आणि म्हणाला, “बाबा, ह्यात दोन मुलगे आहेत. मुलगी नाही.”

तो बरोबर बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर आवाज चढला. साध्या यादीत राजश्रीचा नंबर लागण्यासारखा नव्हता. दाखला मिळाला तर कॉलेज, नाहीतर नाही. कागद दाखवायला सतरा दिवस होते.

दगडावरच्या बाईला सगळे गंगाक्का म्हणत होते. तिनं माझं पुस्तक हातात घेतलं आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागली. ती कुठलाही कागद मागून पुढं वाचायची. पुढं कुणीतरी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “सही कुठं हाय ते आधी बघायचं. तुम्ही सैनिक लोकं सही आधी करतासा आन् वाचतासा मागनं. म्हणून मी उलटं वाचती, म्हंजे कुठंतरी गाठ पडती.”

पुस्तक मिटून तिनं राजश्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पोरगी जन्मली तवा तुम्ही कुठं हुतासा?”

मी म्हटलं, “ड्युटीवर.”

“ड्युटी कुठं?”

“वर. बर्फात. लंगर सांभाळत होतो.” लंगर म्हणजे पलटणीचं सैपाकघर. मी सैपाकी होतो.

“मग पोरगी झाल्याचं कवा कळलं? कसं कळलं?”

“आठवत नाही.”

तिनं पेनाला टोपण लावलं. “आठवलं की या. फुडचं कोण? नववीची आई, तुम्ही या.”

माझ्यासारख्या माणसाला असं उठवलेलं मला आवडलं नाही. मी राजश्रीला म्हटलं, “चल. ही कोण लागून गेली? ऑफिसची माणूस पण नव्हे.” पोरगी मागोमाग निघाली. बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. तिसऱ्या दिवशी पण गेलो. घरी सांगायला कारण होतं, की दुसऱ्या वाटेनं काम होतंय का बघतो. खरं कारण वेगळं. ही बाई काय चीज आहे ते मला कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय जागा सोडायची मला सवय नाही. शेडच्या पलीकडं चहाची गाडी होती. तिथल्या बाकावर बसलं की सगळं दिसायचं आणि ऐकू पण यायचं. गंगाक्का बोलायचीच तशी, अलीकडच्या कानाला सांगितलं तरी पलीकडच्या गल्लीला समजावं.

तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत, नाहीतर ती ठेवत नसे. हुद्दा तर बिलकुल विचारायची नाही. पोरगं कितवीत आहे ते विचारायची आणि त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव तेच. चौथीचं वडील, सहावीची आई, आयटीआयचा आजा. वर्ष बदललं की नावात बढती. चहावाला मला म्हणाला, “सात वर्षं झाली मी बघतोय. एक जण पहिलीचं वडील म्हणून आलता, आता आठवीचं वडील झालाय. लई खूश असतोय.”

“आणि पोरगं नापास झालं तर?”

“मग हाक मारत न्हाई. नुसती बघती. ते लई वाईट.”

फॉर्मवर फोटो चिकटवायला ती डिंक वापरत नसे. जर्मनच्या डब्यात शिळा भात असायचा. एक शित घ्यायचं, फोटोच्या मागं बोटानं रगडायचं आणि दाबायचं. कुणी डिंकाची बाटली पुढं केली तर म्हणायची, “डिंक उन्हात सुटतोय. शित कागद फाटला तरी सुटत न्हाई.” मी सैपाकी माणूस, भाताशी चोवीस वर्षं दोस्ती, पण हा उपयोग मला ठाऊक नव्हता. घरी येऊन करून बघितला. खरं आहे. मात्र भात आंबेमोहोराचा नको, जाडा पाहिजे.

पैसे घेत नव्हती. कुणी भाजी आणली तर परत द्यायची, चहा सांगितला तर आपल्या पैशाचा प्यायची. तिची मागणी एकच. “फुडच्या वर्षी पोराच्या मार्कशीटची झेरॉक्स आणून द्यायची. इसरायचं न्हाई.” आणि लोक आणून देत. माझ्यासमोर एक जण कागलवरून नुसती झेरॉक्स द्यायला आला होता, दुसरं काही काम नव्हतं. तिनं ती घेतली, मागून वाचायला सुरुवात केली, मधेच थांबून म्हणाली, “भूगोलाला काय झालं?” त्या बापाची मान खाली गेली. त्याला काय भूगोल ठाऊक? त्या झेरॉक्सचं ती करते काय, हे चहावाल्यालाही सांगता येईना.

एकदा एक ऑनररी कॅप्टन आले. गाडीतून उतरले, कडक इस्त्री, छातीला पदकांची पट्टी. उकिडवे बसले नाहीत, उभेच राहिले. गंगाक्कानं फॉर्म दिला, तर म्हणाले, “मी स्वतः भरतो. मला इंग्रजी येतं.” गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, शाईच्या पेनानं, मोठ्या अक्षरात झोकात भरला. आणून तिच्या पुढं धरला, सलाम घेतल्यासारखं तोंड. तिनं शेवटापासून पुढं वाचत आणला आणि वरच्या ओळीशी थांबली.

“साहेब, अक्षर मोत्यासारखं हाय. पण विद्यार्थ्याच्या जागी तुमचं नाव लिवलंय, हुद्द्यासकट. तेरावीला तुम्ही बसणार काय?”

शेडमधली सगळी हसली. मी बाकावर बसून हसलो. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग काय वाटलं कोण जाणे, ते पण हसायला लागले. रुमाल अंथरून खाली बसले आणि म्हणाले, “दुसरा फॉर्म द्या अक्का. तुम्ही सांगा, मी लिहितो.” जाताना तिनं हाक मारली, “येतो म्हणा की तेरावीचं वडील.” कॅप्टन साहेब येतो म्हणाले.

दुसरी एक पोरगी होती, पंचविशीची. तिच्या सासरच्यांचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान. नवरा आठ महिन्यांमागं नोकरीवर असताना गेलेला. मुलगा पहिलीत. त्याच्या फॉर्मवर बापाच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं होतं आणि ती लिहू देत नव्हती. सासरा बरोबर होता, तो डोकं धरून बसला. “अगं, ह्यात तुझं काय जातंय? पोराचं शिक्षण हाय.” पोरीची मान नुसती नकारार्थी हालायची.

मला वाटलं, गंगाक्का आता हिला समजावणार. तिनं तो फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तंगी, माझ्या डोळ्याला आज पाणी येतंय, ह्या सहावीच्या आईचं एवढं वाचून दाखव गं.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. गंगाक्का गडहिंग्लजच्या खालच्या अंगाची, कर्नाटकाला लागून माहेर. पोरीनं वाचून दाखवलं. मग दुसऱ्याचं लिहिलं. उद्या ये म्हटल्यावर उद्या पण आली. चार दिवस ती गंगाक्काच्या शेजारी बसून परक्यांच्या पोरांची नावं लिहीत होती. पाचव्या दिवशी दुपारी तिनं आपल्या हातानं पिशवीतून तो घडी केलेला फॉर्म काढला, गुडघ्यावर पसरला आणि लिहायला लागली. ‘कै.’ लिहिताना थांबली नाही. गंगाक्कानं बघितलं पण नाही. नुसता भाताचा डबा पायानं तिच्याकडं सरकवला, फोटोसाठी.

हे बघून मला सुख वाटलं असं नाही. मला धास्ती वाटली. ही बाई माणसाला ढकलत नाही, बसून राहते, आणि माणूस आपणच येतो. माझ्याकडं तेव्हा सहा दिवस उरले होते.

सातवी-आठवीच्या लोकांसाठीसुद्धा तिचा तो प्रश्न ठरलेला होता. पोर जन्मलं तेव्हा तुम्ही कुठं होता? कुणी सांगायचं आसामात होतो, तार आली. कुणी सांगायचं सुट्टीवर होतो, सुईणीला मीच बोलावून आणलं. पोरं समोर बसून ऐकत. बऱ्याच पोरांना ही गोष्ट पहिल्यांदा कळत असे. एक दाढीमिशावाला पोरगा बापाकडं बघत म्हणाला, “तुम्ही तीन दिवस चालत आलता व्हय?” बाप म्हणाला, “मग? बर्फानं गाड्या बंद हुत्या.” कागदाला ह्याचा काय उपयोग, ते मला कळेना.

ह्या बाईचा थोडा उलगडा तिच्या धाकट्या लेकीनं केला. सुमन तिचं नाव. रात्रपाळी करून दुपारी एकला डबा घेऊन यायची, इचलकरंजीहून. केसात कापसाची कुसं अडकलेली असत. गंगाक्का तिच्याकडंच राहायची. त्या दिवशी गंगाक्का कुणाबरोबर तरी झेरॉक्सच्या दुकानात गेली होती, म्हणून सुमन चहाच्या बाकावर येऊन बसली.

मी विचारलं, “तुझी आई किती शिकलीय?”

“माझी आई?” ती हसली. “शाळेचं तोंड बघितलं न्हाई.”

“मग हे सगळं वाचायला कुठं शिकली?”

“ताईच्या फॉर्मवर.” आणि ती सांगत गेली, डब्याचं झाकण उघडझाप करत. “बापू मिलिटरीत हुतं. ताई चौथीत हुती, मी सहा महिन्यांची. सुट्टीवर मला बघून परत गेलं. म्हणालं, गेल्या गेल्या धाकटीचं नाव लावून घेतो. वाटंतच गाडी दरीत गेली. ताईचं नाव पुस्तकात हुतं, तिला शिक्षणाचं सगळं मिळालं. दर साली फॉर्म यायचा, गावात भरून देणारा कोण न्हाई, मग आईच एक एक चौकोन वळखायला शिकली. माझं नाव न्हवतं. आईला वाटलं, बाप गेला म्हंजे नाव लावणारा गेला. ऑफिसात जाऊन इचारायची लाज वाटायची तिला. बायकोनं अर्ज केला तरी नाव लागतंय, हे कळलं तवा मला सतरावं लागलंतं. शाळा सुटून तीन वर्षं झालती, लगीन ठरलंतं.”

“ताई काय करते?”

“पुण्यात शिक्षिका हाय. मी हिकडं कापडाच्या मागावर सुताच्या कांड्या भरती.”

मला विचारायला नको होतं, पण विचारलं. “आईचा राग येत नाही?”

“येतोय की. कवा कवा भाजीत मीठच घालत न्हाई मी.” झाकण घट्ट बसवत म्हणाली, “तशीच खाती. बोलत न्हाई.”

“आणि त्या झेरॉक्स?”

“त्या घरी आणून वाचती. रोज भाकरी झाल्या की. ह्या पोराला नववीत गणितात कमी पडलंतं बघ, दहावीत उठलाय, असं मला सांगत बसती. मी ऐकती. मला दहावीचा पेपर कसा असतोय ते बी ठाऊक न्हाई.”

गंगाक्का येताना दिसली तशी सुमन उठली. त्या दिवशी डब्यात मीठ होतं का नव्हतं, ते मी लांबून बघत होतो. गंगाक्का जेवली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी राजश्रीला घेऊन गेलो आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. गुडघे दुखत होते तरी बसलो.

“आठवलं काय, बारावीचं वडील?”

“आठवत होतंच.”

“मग बोला.”

राजश्री बाजूला उभी होती. मला वाटलं तिला चहा आणायला पाठवावं. गंगाक्काच्या ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं भाताचा डबा राजश्रीच्या हातात दिला आणि तिला बसवून घेतलं.

मी सांगितलं. दोन पोरांनंतर बायको तिसऱ्यांदा गरोदर होती. वर लंगरात मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तिसराही गडीच होणार. आमच्यात पैज लागली. पोरगा झाला तर माझी भांडी बाकीच्यांनी घासायची, पोरगी झाली तर सगळ्या कंपनीच्या डेगा, ती मोठाली पातेली, महिनाभर मी एकट्यानं. बर्फातली भांडी म्हणजे काय असतं ते तिथं गेलेल्यालाच ठाऊक. पत्र आलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी ते दोनदा वाचलं आणि शेगडीत टाकलं. पत्र अजून आलं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. भांड्यांसाठी नव्हे. हरलो म्हणायला लागलं असतं, त्यासाठी. पोर झालं की कंपनीच्या क्लार्कला कळवायचं असतं, मग तो हुकूम फळ्यावर लागतो आणि सगळ्यांना समजतं. म्हणून क्लार्कला सांगितलं नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ही पाच महिन्यांची होती. परत आलो तेव्हाही सांगितलं नाही, कारण मग आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता. पुढच्या वर्षी पेन्शनीत आलो. निघताना क्लार्कनं विचारलं, “बच्चे कितने?” मी म्हटलं, “दो.”

मी खालच्या फरशीकडं बघत होतो. गंगाक्का आता काय म्हणते, ह्याची वाट बघत होतो. तिनं बोटांवर मोजलं.

“जन्म जानेवारीचा. बर्फातलं टपाल महिन्या-दीड महिन्यानं. म्हंजे तुम्हाला मार्चात कळलं. सुट्टी जूनात, तवा पाच म्हयन्यांची. बरोबर बसतंय. दाखल्यावरची तारीख खरी हाय.”

एवढंच. मला वाटलं होतं शिव्या देईल. मग तिनं राजश्रीचे कागद एकावर एक ठेवले. “जन्माचा दाखला हाय. शाळेचा हाय. रेशनकार्डावर नाव हाय. पोरगी सगळीकडं हाय, फकस्त तुमच्या तोंडात न्हवती.”

“हे विचारायची काय गरज होती?” मी म्हटलं. “दाखले होतेच की.”

“नाव येळेत का लावलं न्हाई, ते प्रतिज्ञापत्रात लिवाय लागतंय. खोटं लिवलं तर दुसऱ्या कागदात उघडं पडतंय आन् अर्ज माघारी येतोय. म्हयना जातोय. तुमच्याकडं म्हयना हाय काय?”

कोर्टाजवळ टायपिंगवाले बसतात, तिथं ती आमच्याबरोबर आली, बूट वाजवत. टायपिस्ट सरावाचा. त्यानं न विचारता बडवायला घेतलं, “सदर मुलीचे नाव नजरचुकीने नोंदविण्याचे राहून गेले.”

गंगाक्का म्हणाली, “नजरचूक? एवढी पोर नजरंला पडली न्हाई व्हय?”

टायपिस्ट थांबला. “मग काय लिहू? सगळे हेच लिहितात.”

तेव्हा राजश्री बोलली. सकाळपासून पहिल्यांदा. “नजरचुकीने लिहा. चालतंय.”

तिनं मला सोडून दिलं होतं, आणि ते मला त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या त्यापेक्षा जड गेलं. मी म्हटलं, “खोड ते. लिही, मी कळवले नाही.” टायपिस्टनं कारण विचारलं, ते पण सांगितलं. पैज कायद्याच्या भाषेत कशी लिहायची म्हणून तो बराच वेळ अडला. शेवटी त्यानं काय लिहिलं ते चष्म्याशिवाय मला वाचता आलं नाही. राजश्रीनं वाचलं आणि मान हलवली. फोटो तिनंच चिकटवला, शितानं.

लोक विचारतात, पुढं काय झालं. नाव लागलं, दाखला मिळाला, सांगलीकडच्या एका कॉलेजात राखीव जागेवर नंबर लागला. आता ती पुण्यात नोकरीला आहे, माझ्यापेक्षा मोठ्यानं भांडते. पहिल्या वर्षाची मार्कशीट आली तशी मी झेरॉक्स काढून कोल्हापूरला गेलो. शेडमधल्या दगडावर जोतिबाची ती पोरगी बसली होती, पुढ्यात कागद. गंगाक्काला लेकीनं पुण्याला नेलं म्हणाली. कुठल्या लेकीनं म्हणून मी विचारलं. थोरलीनं, आणि धाकटी पण तिकडंच गेली, बाहेरून दहावीला बसली आहे. झेरॉक्स तिच्याकडं द्यावी की न द्यावी हे मला ठरवता येईना. घरी परत आणली. नंतरच्या वर्षांच्याही काढून ठेवल्या आहेत. गंगाक्काला मी परत बघितलं नाही.

शेवटची बघितली ती प्रतिज्ञापत्राच्या दिवशीच, स्टँडवर. इचलकरंजीची बस भरली होती. ती दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, दुसरा खाली. कंडक्टर आत चला म्हणत होता, ड्रायव्हर गाडी गुरगुरवत होता, आणि ती माझ्याकडं तोंड करून सांगत होती, “नाव लागतंय ते बेळगावला, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात. कागद स्वतः घेऊन जावा, पोस्टानं धाडू नगा. सायेबाला रामराम घालत बसू नगा. आधी पोच मागा. शिक्का बघा. शिक्क्यावरची तारीख बघा.” कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तेव्हा तिनं दुसरा पाय आत घेतला, तो पण सावकाश, गाडी तिच्यासाठीच थांबली होती अशा बेतानं.

आमच्या बसमध्ये राजश्री माझ्या शेजारी बसली. गाव यायला थोडं उरलं तेव्हा म्हणाली, “आबा, महिनाभर घासायची होती की भांडी.”

मी म्हटलं, “व्हय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं बेळगावला गेलो. रेकॉर्ड ऑफिसाच्या गेटवर मिसरूड फुटलेला एक शिपाई वही घेऊन उभा होता. मागं पंधरा-वीस माणसांची रांग. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “बाबा, नाम?” मी त्याला बर्फातल्या लंगरापासून सांगायला सुरुवात केली. पैज सांगितली, पत्र सांगितलं, शेगडी सांगितली. त्यानं पेन वहीवर तसंच धरून ठेवलं होतं. मागं कुणीतरी खाकरलं. राजश्री बाजूला उभी होती, तिनं मला थांबवलं नाही, आणि मी शेवटपर्यंत सांगितलं.